पार्थची आई शुद्ध बोलते

आम्ही आता वापीला राहतो. इथे शाळेच्या बसच्या थांब्यावर अगदी शिस्तीची शांतता असते. चार आया, दोन वडील आणि एक आजोबा मोबाइलमध्ये मान घालून उभे असतात. बस येते, मुलं चढतात, बस जाते आणि आम्ही एकमेकांकडे बघून ओठ जरासे ताणतो. इतके दिवस झाले, पण माझ्या मुलीच्या डब्यात काय असतं हे एकाही माणसाने मला विचारलेलं नाही. हे लक्षात आलं त्या दिवशी मला पार्थच्या आईची इतकी आठवण झाली की घरी येऊन मी तिला फोनच लावला. तिने तो उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "काय दिलंत आज रेवाला डब्याला?"

"भेंडी," मी म्हटलं.

"कशाला? पोरीला भेंडी आवडत नाय म्हाइती हाय ना तुमाला!" असं म्हणून तिने मला फोनवरच झापायला सुरुवात केली. मला फार बरं वाटलं.

ही पार्थची आई खोपोलीच्या शिळफाट्याची. दोन-अडीच वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला कुंभिवलीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नाशिकहून सामान घेऊन शिळफाट्याला भाड्याच्या घरात आलो. नव्या गावात घर लावणं सोपं असतं. गॅस मिळतो, दूधवाला मिळतो, पडद्याच्या दांड्या ठोकणारा उशिरा का होईना पण येतो. माणसं मात्र अशी मिळत नाहीत. चाळिशीच्या आसपासच्या बाईने नवीन मैत्रीण कशी करायची हे कुणी शिकवलेलं नसतं. पदरी पोर असेल तर एकच वाट असते, पोराच्या मागे जाऊन उभं राहायचं आणि दुसरं कोण उभं आहे ते बघायचं.

तशी मी पहिल्या दिवशी रेवाला घेऊन थांब्यावर उभी राहिले. रेवा तेव्हा दुसरीत होती. बस गेली आणि एक ठेंगणी, रुंद बांध्याची बाई थेट माझ्याकडे आली. ओढणी कमरेला करकचून बांधलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. ती काहीतरी बोलली आणि नेमका तेव्हाच मागून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. मला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला.

"...हाय?"

मला अगदी भरून आलं. परक्या गावात कुणीतरी आपणहून येऊन 'हाय' म्हणतंय! मी जोरजोरात हात हलवून म्हटलं, "हाय!"

तिचा चेहरा उजळला. "उद्या हाय ना पन?"

उद्याचं 'हाय' आजच ठरवून घ्यायची ही पद्धत मला जरा नवी होती, पण म्हटलं, गावोगावच्या तऱ्हा. "हाय, हाय! उद्या पण हाय!"

"मंग झालं तर," असं म्हणून ती बाकीच्या आयांकडे वळली आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "झालं गं काम! हाय म्हनतायत!"

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की इथले लोक फार मोकळे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मी गाऊनवरच दार उघडलं. जिन्यात दप्तरं अडकवलेली पोरं ओळीने उभी होती आणि सगळ्यात मागे ती.

"चला, काढा गाडी," ती म्हणाली.

"कुणाची गाडी?"

"तुमची. आज शाळेची बस बंद हाय. काल इचारलं ना, तुमची गाडी हाय का? तुमी दोनदा म्हनालात हाय म्हनून. उद्या पन हाय म्हनालात."

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. हिच्या बोलण्यातलं 'हाय' म्हणजे आपलं 'आहे'. पण जिन्यात उभ्या असलेल्या पोरांपुढे व्याकरण कुठे काढत बसणार? मी गाऊनवर जॅकेट चढवलं आणि गाडीची किल्ली घेतली. पोरं एकमेकांच्या मांडीवर बसली. ती स्वतःही मागेच कोंबून बसली. पुढची सीट रिकामी होती, पण तिला ती नको होती. "पुडं बसले की मीच गाडी चालवतेसं वाटतं. नुसती पाय दाबत बसते," ती म्हणाली. मग मागे बसून तिने खालापूरच्या अलीकडच्या आमच्या शाळेपर्यंत मला गाडी कशी चालवायची ते सांगितलं. तिला स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती.

शाळेपाशी उतरताना तिने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुमाला आमचं बोलनं समजत नाय. पन गाडी चांगली चालवता," ती म्हणाली. अशी आमची ओळख झाली.

थांब्यावर कुणालाही स्वतःचं नाव नव्हतं. मी रेवाची आई, कुणी सान्वीचे पप्पा, कुणी विराजची मम्मी. पार्थची आई ही त्या सगळ्यांची कारभारीण. तिला कुणी नेमलं नव्हतं. तिच्या पिशवीत एक कंगवा, खोबरेल तेलाची छोटी बाटली, रबरबँड आणि सेफ्टी पिना असत. बस यायच्या आधी ती थांब्यावरच्या प्रत्येक डोक्यावरून कंगवा फिरवायची. पोर कुणाचं हा प्रश्न तिला पडत नसे. एकदा एका कॉलेजच्या मुलीला तिने धरलं. ती बिचारी पुण्याची बस बघत उभी होती. तिची वेणी घालून झाल्यावर पार्थच्या आईने विचारलं, "कंच्या वर्गात गं तू?"

डब्यांवरही तिची देखरेख असे. ती सरळ डबा उघडून बघायची. पोळी कडक दिसली तर आईला सुनावायची आणि भाजी चांगली वाटली तर एक घास तोंडात टाकून कृती विचारायची. मोबाइलवरचे मेसेज ती वाचत नसे. ती बोलून पाठवायची. पालकांच्या ग्रुपवर शाळेने काहीही कळवलं की तिचा आवाज यायचा आणि त्या आवाजामागे घरामागच्या कोंबड्यांचा कलकलाट. उद्या चित्रकलेची वही आणा, एवढ्या एका सूचनेवर ती मिनिटंच्या मिनिटं बोलायची. त्यात वही येई, वहीच्या किमती येत, मधेच "हाड, हाड" येई आणि शेवटी लोधिवली.

लोधिवली हे तिचं माहेर. शिळफाट्याहून टेंपोने गेलं तर चहा थंड व्हायच्या आत पोचाल, पण तिच्या बोलण्यात ते कुठल्या तरी सात समुद्रांपलीकडे होतं. तिथला तांदूळ गोड, तिथल्या कैऱ्या आंबट, तिथले कुत्रे शहाणे. रेवाला एकदा ताप आला तेव्हा ती उसासा टाकून म्हणाली, "हितला ताप लई चिवट. आमच्या लोधिवलीचा ताप बरा, दोन दिवसांत उतरतो."

त्या सुरुवातीच्या दिवसांत मला खरी काळजी होती ती रेवाची. नाशिकला दिवसभर टकळी चालणारी माझी पोर इथे येऊन मुकी झाली. शाळेत हजेरीला नुसता हात वर करायची. मिस म्हणाल्या, मान हलवते, बाकी काही नाही. नवरा म्हणायचा, होईल सवय. मला रात्र रात्र झोप लागत नसे. पार्थच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने धीरबीर दिला नाही. दुसऱ्या दिवशी रेवाच्या केसांतून कंगवा फिरवत तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "रेखा, ही तुझी आजी ना गं?"

रेवाने मान हलवली.

"मंग आत्या असंल. काय गं रेखा, आत्या ना ही?"

"आई!" रेवा ओरडली. "आई आहे ती! आणि मी रेवा!"

"आस्सं," पार्थची आई म्हणाली आणि कंगवा पुसून दुसऱ्या डोक्याकडे वळली. मग हे रोजचंच झालं. ती रेवाला सकाळी सांगायची की आज रविवार आहे, कावळा हिरवा असतो, बस विमानासारखी उडत येणार आहे. रेवा तिच्या चुका दुरुस्त करता करता थकून जायची. एवढी मोठी बाई आणि हिला काहीच कसं येत नाही, या काळजीने ती बोलायला लागली.

मग एक दिवस मिसचा फोन आला. त्यांनी हजेरीत रेवाचं नाव घेतलं आणि रेवा पहिल्यांदाच तोंडाने बोलली. खणखणीत आवाजात म्हणाली, "हाय!" वर्ग हसला. मिसना वाटलं, पोर इंग्रजीत हाय-हॅलो करतेय, म्हणून त्यांनी समजावलं की हजेरीला हाय नाही म्हणायचं, येस मॅम म्हणायचं. रेवा घरी येऊन माझ्याशी भांडली. "मी वर्गात हाय, तर हाय म्हटलं. त्यात हसायचं काय?" हे ऐकून मी तिला पोटाशी धरलं. त्या दिवशी मी शिरा करून पार्थच्या घरी नेला. पार्थच्या आईने चव घेऊन सांगितलं की साखर कमी आहे.

असं वर्ष गेलं. पोरं तिसरीत गेली आणि तिथे गडबड झाली.

गडबडीचं मूळ पार्थचे पप्पा. त्यांचा टेंपो होता आणि बोलण्यात ते भलतेच काटकसरी. शाळेत पालकांना बोलावलं की तेच जायचे, कारण पार्थच्या आईने शाळेच्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. अख्खा थांबा हलवणारी ही बाई शाळेला घाबरायची. "तितं समदं इंग्लिश. मी काय बोलू?" पप्पा जाऊन यायचे आणि घरी येऊन दोन शब्दांत सगळं सांगायचे, "बरा हाय." एकदा तिसरीच्या नव्या मिसनी त्यांना फाटकात गाठलं आणि काहीतरी समजावून सांगितलं. पप्पांनी घरी येऊन निरोप दिला, "घरात शुद्ध बोला म्हनल्या."

हे तिने तसं हसण्यावारी नेलं होतं. पण त्याच आठवड्यात थांब्यावर विराज हायवेच्या कडेला चेंडूमागे धावला आणि नेहमीप्रमाणे ती गरजली, "ए विराज! माघारी फिर रं! तंगडं मोडून हातात दीन!" विराज जागच्या जागी थिजला. तेव्हा पार्थने तिची ओढणी ओढली.

"आई, वरडू नको ना गं. सगळी हसतात."

"हसू दे की. कोन हसतं?"

"वर्गात. मी बोललो का हसतात. आईनं शिकवलंय म्हनतात." तो खाली बघून हळू बोलत होता, पण आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. तिचा कंगवा सान्वीच्या केसांत तसाच राहिला. बस आली तेव्हा सान्वी अर्धीच विंचरलेली गेली.

दुपारी ती माझ्या घरी आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मला शुद्ध शिकवा."

मी तिला समजावायला गेले की तुमच्या बोलण्यात वाईट काही नाही. तिने मला मधेच तोडलं. "ते मला म्हाइती हाय. मला लाज नाय वाटत. पन त्याला वाटायला लागली ना? उद्या मोटा झाला आनि म्हनाला, आई तू घरात थांब, पावन्यांसमोर येऊ नको, मंग काय करू?" एवढं बोलून तिने डोळे पुसले आणि लगेच ओट्यावरच्या माझ्या पोळ्यांना हात लावून बघितला. मऊ होत्या, म्हणून काही बोलली नाही.

मग शिकवणी सुरू झाली. 'हाय'चं 'आहे' करणं तिला जमलं, जरा जास्तच जमलं. अडलं ते 'न' आणि 'ण' यांच्यापाशी. पाणी म्हणायचं, पानी नाही. कोण म्हणायचं, कोन नाही. तिने ऐकून घेतलं आणि मनाशी ठरवून टाकलं की शुद्ध माणसं 'न' म्हणतच नाहीत.

"माझा णवरा णाशिकला गेला आहे," ती म्हणाली.

"नवरा. तिथे साधा न."

"का? पाण्याला ण आनि णवऱ्याला न? त्यानं काय पाप केलंय?"

शाळेत मराठीत मला बरे गुण असत, पण कुठे न आणि कुठे ण हे मला नियमाने सांगता येईना. आमचे तास असे चालले की ती सुधारायच्या आधी मीच बिघडले. नाशिकहून आईचा फोन आला आणि कुठे आहेस असं तिने विचारलं, तर मी म्हटलं, "घरीच हाय." आई म्हणाली, "हाय काय? अर्ध्या तासापूर्वीच बोललो ना आपण?"

पार्थची आई थांब्यावर शुद्ध बोलायला लागली आणि थांब्याची रया गेली. "बस आलेली आहे. मुलं चढत आहे. मी आता घरी जात आहे." ती रेल्वेच्या सूचनेसारखी बोलायची. शुद्ध भाषेत रागावता येत नाही, हा शोध पोरांना आमच्या आधी लागला. विराज रस्त्याकडे निघाला की ती म्हणायची, "विराज, तू तिकडे जाऊ णकोस. तिकडे गाड्या येत आहे." वाक्य संपेपर्यंत विराज पोचलेला असायचा आणि आमच्यापैकी कुणीतरी धावत जाऊन त्याला धरून आणायचं. ग्रुपवरचे तिचे निरोप एकेका वाक्याचे झाले. हळूहळू ती डबे उघडायची थांबली, कारण डब्यावर शुद्धात काय बोलायचं ते तिला सुचेना. रेवाने मला विचारलं, "आई, काकूंना ताप आलाय का? इथला चिवटवाला?"

पार्थ मात्र आता तिची ओढणी ओढत नव्हता. एवढ्यासाठी तिचं सगळं चाललं होतं. मला ते बघवत नसे.

अशात शाळेची पालकसभा आली. पप्पा टेंपो घेऊन सुरतेकडे गेले होते आणि मिसनी कळवलं होतं की पार्थच्या घरचं कुणीतरी यायलाच हवं. ती म्हणाली, तुम्ही बरोबर चला. लोधिवलीच्या भावाने दिलेली साडी नेसून, गजरा माळून ती निघाली आणि वाटेत सबंध वेळ ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. वर्गाच्या दाराशी तिने चपला काढल्या.

"इथे काढायच्या नसतात," मी म्हटलं.

"विद्येची जागा आहे," ती शुद्धात म्हणाली. ते बघून तिच्या मागच्या आईनेही काढल्या. मग तिच्या मागच्या वडिलांनी बूट काढले. मीही काढल्या. थोड्या वेळाने तिसरीच्या वर्गाबाहेर लग्नाच्या मांडवाबाहेर असावा तसा ढीग जमला आणि शिपाई येऊन विचारून गेला की आत पूजा आहे का.

मिस तरुण होत्या, सडसडीत, घसा बसलेल्या. आमचा नंबर आला तशा त्या इंग्रजीत सुरू झाल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून मराठीत आल्या. "नाव सांगा."

"पार्थची आई."

"तुमचं नाव."

तिने माझ्याकडे बघितलं, जणू ते मला ठाऊक असणार. मला कुठे ठाऊक होतं! "वणिता," ती म्हणाली. शुद्धीच्या भरात तिने स्वतःचं नावही सोडलं नाही. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "तुमचं काय ओ?" मी सांगितलं, वर्षा. मिस आमच्या दोघींकडे बघत राहिल्या.

मग तिने पाठ केलेलं सुरू केलं. "णमस्कार. आमच्या घरी सर्व जण शुद्ध बोलत आहे. पार्थ सुद्धा शुद्ध बोलत आहे. तरी मुलांणी त्याला हसू णये..." इथे ती अडकली. मिसच्या कपाळावर आठी पडली होती, ती रागाची की गोंधळाची मला कळेना. त्याच वेळी बाहेर व्हरांड्यात पोरांचा गोंगाट वाढला आणि खिडकीतून दिसलं की विराज कठड्यावर चढून उभा आहे. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो.

"ए विराज! उतर रं खाली! हाडं गोळा करायला लावतोस काय आईला? उतर म्हनते ना!"

विराज उतरला. तो उतरला आणि व्हरांड्यातला सगळा गोंगाट एकदम बंद झाला. शेजारच्या वर्गातले गुरुजी बोलता बोलता थांबले. मागच्या बाकावरच्या एका वडिलांनी मोबाइल खिशात घातला आणि ते ताठ बसले.

मिसचे डोळे मोठे झाले होते. "रोज या हो तुम्ही माझ्या तासाला," त्या म्हणाल्या. "ओरडून ओरडून घसा बसला की माझा. ह्यो विराज काय ऐकंनाच बघा." बोलून झाल्यावर मिसच दचकल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या.

"गाव कोनतं मिस तुमचं?" पार्थच्या आईने विचारलं.

"मिरजेकडचं."

मग दोघी तांदूळ, पाऊस आणि मिरजेकडची भाकरी यांवर बोलत बसल्या आणि मागच्या पालकांची रांग वाढत गेली. शुद्ध बोलण्याचं निघालं तेव्हा मिस चकित झाल्या. "बोलण्याचं मी कुठं म्हटलं? वहीत 'पानी' लिहितो, ते जरा शुद्ध लिहून घ्या म्हटलं होतं त्याच्या पप्पांना."

पार्थच्या आईने कपाळावर हात मारला. "ह्या मानसानं बोलताना चार शब्द वाचवलं आनि माझी दोन महिनं बोबडी वळवली!"

आम्ही हसत हसत बाहेर आलो. दारापाशी पार्थ उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. तिचं हसू तिथेच संपलं. गाडीकडे येताना तो आमच्या बराच पुढे चालला. गाडीत ती शिळफाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मिसचं मिटलं. पन पोराचं कुटं मिटलंय?"

त्यानंतर ती थांब्यावर आपलं नेहमीचं बोलायला लागली, पण हळू आवाजात, पार्थ बसमध्ये चढल्यावर.

आम्ही शिळफाटा सोडायच्या महिनाभर आधी शाळेचे खेळ होते. पोरं आवरायला या, म्हणून मिसनी तिला मुद्दाम बोलावलं होतं. तिने पार्थला विचारलं होतं, येऊ का? तो म्हणाला, "ये. पन वरडू नको." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. हे तिने मला मैदानावर सांगितलं, कुजबुजत. आम्ही दोरीच्या कडेला उभ्या होतो. आमच्या आजूबाजूला सगळे पालक किंचाळत होते. विराजची मम्मी तर शिट्ट्या मारत होती. रेवा पळाली तेव्हा मीही घसा फोडून ओरडले. पार्थची आई तेवढी गप्प होती. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

मग पार्थच्या गटाची शर्यत लागली. शिट्टी झाली, मुलं सुटली. पार्थ बऱ्यापैकी पुढे होता. पळता पळता तो आमच्या बाजूला बघत होता. सान्वीचे पप्पा सान्वीच्या भावाच्या नावाने ओरडत होते, कुणाची आजी, कुणाचा काका, सगळे ओरडत होते. माझ्या शेजारी ती तोंड दाबून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिने शब्द मोडला नाही. पार्थचे पाय हळू झाले. दोघे-तिघे त्याच्या पुढे गेले. मग तो मैदानाच्या मधोमध चक्क थांबला, आमच्याकडे वळला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला.

"आई! वरड ना गं!"

तिने हात काढले. पुढचं मी लिहू शकत नाही, कारण ते तिच्याच आवाजात ऐकायला हवं. त्यात पळ होतं, माझ्या राजा होतं, मागं बघतोस काय रं होतं आणि लोधिवलीच्या कुठल्या कुठल्या देवांची नावं होती. माइकवर बोलणाऱ्या मिस हसून गप्प बसल्या. बाकीची मुलं केव्हाच पोचली होती आणि पाणी पीत होती. पार्थ एकटाच मैदानात पळत होता आणि दोरीच्या अलीकडून, पालकांना ढकलत, साडी वर धरून, ती त्याच्याबरोबर ओरडत पळत होती. त्याला इतकं हसू येत होतं की धड पळताही येत नव्हतं.